रजा होती की ब्रेक?

नंदू, तुझं लॉगिन परवापर्यंत चालू होतं. तुझं दिवसकार्य झालं, हार घातलेला फोटो पाण्याच्या कूलरवर लागला, यार्डाच्या किल्ल्या वहिनींनी पिशवीत घालून परत पाठवल्या, पण कॉम्प्युटरला कुणी काही सांगितलं नाही. सकाळी मशीन चालू केलं की नावांच्या यादीत पहिलं तुझंच. नंदकुमार, यार्ड सुपरवायझर. खाली मी. शुभांगी, डिझेल. रोज तुझ्या नावावरून खाली माझ्या नावावर यायचं आणि मगच काम सुरू करायचं. मला भीती वाटायची रे. ऑफिसात कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, बाईंना चार दिवस आराम द्या.

आपलं काम कुणाला सांगायला गेलं तर दोन वाक्यांत संपतं. मुलुंडच्या यार्डात शाळेच्या बसगाड्या उभ्या राहतात; कुठल्या गाडीत किती डिझेल गेलं आणि ती किती धावली हे मी सॉफ्टवेअरमध्ये भरते, आणि गाडी आज रस्त्यावर जाईल की नाही ते तू ठरवायचास. तू गाडी धरलीस की तिच्या नंबरापुढे 'होल्ड' यायचं आणि ड्रायव्हरला फेरी मिळायची नाही. ज्याने धरली त्यानेच सोडायची, दुसऱ्याच्या हाताने ती सुटत नाही. हा नियम तूच भांडून घालून घेतलास. शेठच्या भाच्याने तेव्हा विचारलं होतं, आणि तुम्ही रजेवर असलात तर? तू म्हणालास, 'मी रजेर कधी जातंय?' भाच्याला मालवणी कळलं नाही, पण नियम बसला.

तर तू जायच्या आधीच्या शुक्रवारी सत्तेचाळीस नंबर धरून ठेवलीस. रविवारी पिशवी घेऊन मासे आणायला बाहेर पडलास, आणि त्याच्या पुढचं मला अजून बोलता येत नाही. सोमवारी मशीन उघडलं तर समोर सत्तेचाळीस. होल्ड. कारण: ब्रेक.

दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात माणसं म्हणाली असती, ब्रेक तर ब्रेक, खोला गाडी. पण आपल्या यार्डात ब्रेक म्हणजे काय हे तुला माहीत, मला माहीत आणि झाडून सगळ्या ड्रायव्हरांना माहीत. शिमग्याला, गणपतीला, घरच्या लग्नाला शेठ रजा देत नाहीत. म्हणतात, शाळेला तुमच्या गावचा शिमगा कळतो का? मग तू त्या माणसाची गाडीच धरायचास. गाडी उभी, तर ड्रायव्हर इथे बसून काय माशा मारणार, जाऊ दे त्याला गावाला. भाड्याची गाडी येऊन फेरी निघायची. आणि कारणाच्या जागी नेहमी ब्रेक, कारण इंजिन म्हटलं की शेठ मेकॅनिकला फोन लावतात, टायर म्हटलं की बिल मागतात, आणि ब्रेक म्हटलं की गप्प बसतात. मी तुला म्हणायचे, लांडगा आला रे करून ठेवशील एक दिवस. तू म्हणायचास, 'गप रव गो. लांडगो इलो तर पयला तुकाच सांगतलंय.'

नाही सांगितलंस नंदू. शनिवारी दुपारपर्यंत आपण समोरासमोर बसलो होतो. माझ्या डब्यातली भेंडी तू नावं ठेवत ठेवत सगळी खाल्लीस. एसीवरून भांडलास. गाडीबद्दल एक अक्षर बोलला नाहीस.

ह्या सॉफ्टवेअरवरून तरी आपण किती भांडलो. पहिल्या महिन्यात तू मीटरचं रीडिंग टाकताना एक आकडा जास्त दाबलास आणि एका बसचं ॲव्हरेज मोपेडच्या वर गेलं. शेठ धावत आले, ह्या गाडीला पाजलं काय? तू मान वर न करता म्हणालास, देवाचा प्रसाद. तेव्हापासून तुझं आणि त्या मशीनचं बिनसलं ते बिनसलं. मी म्हणायचे, अरे, ॲव्हरेज पडलं की ते स्वतःहून लाल होतं, तेवढं तरी बघ. तू म्हणायचास, लाल तर रस्त्याच्या खोदकामाने पण होतं, एलबीएस रोडवर अर्धा तास उभी राहिली तर म्हैस पण जास्त वैरण खाईल. मी म्हणायचे, म्हणजे मी भरते ते सगळं फुकट? तू म्हणायचास, तसं नाही गो, पण. त्या 'पण'च्या पुढे तू काय म्हणणार होतास ते कधी ऐकायलाच मिळालं नाही, कारण तोवर कुठल्या तरी ड्रायव्हरचा फोन यायचा.

सत्तेचाळीसचं ॲव्हरेज मी काढून बघितलं. पडलंय. फार नाही. लाल नाही, नारिंगी. ब्रेक सुटायच्या वेळी सुटला नाही, चाकाला घासत राहिला, तर गाडी डिझेल जास्त पिते, हे तुझ्याच तोंडून ऐकलेलं. पण त्याच रस्त्याने जाणाऱ्या आणखीही गाड्या नारिंगी आहेत, आणि त्या तू धरल्या नाहीस. मी कितीदा तो आकडा बघितला असेल. बघून बघून तो बदलणार थोडाच.

आणि खोटं तू इतकं सहज लिहायचास. माझ्या आईला दम लागला त्या दिवशी रिक्षांचा संप होता. मी यार्डात फोन केला तो फक्त आज येत नाही हे सांगायला. थोड्या वेळाने आमच्या नाहूरच्या सोसायटीच्या गेटवर अख्खी पिवळी बस उभी आणि स्टिअरिंगवर तू. वॉचमन तुला सांगतोय, अहो, आज शाळेला सुट्टी आहे. तू आईला धरून पहिल्या सीटवर बसवलंस. सीट पोरांच्या मापाची, तिचे गुडघे समोरच्या दांडीला टेकत होते. तेवढ्या धापेतही ती तुला म्हणाली, 'माझं ॲडमिशन झालं वाटतं.' दुसऱ्या दिवशी मी विचारलं, हे डिझेल कशात दाखवू? तू म्हणालास, ट्रायल लिही. आई आज घरी बसून मालिका बघते आणि सगळ्या सुनांना शिव्या घालते, ती त्या ट्रायलमुळे. मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही, म्हटलं असतं तर तू वर्षभर टर उडवली असतीस. आता म्हणते. पण माझ्यासाठी ज्याने इतकं सरळ खोटं लिहिलं, त्याचं शेवटचं लिहिलेलं मी खरं कसं धरून चालू, ते मला कळत नाही.

परीक्षा तोंडावर आल्यात. भाड्याची गाडी रोज उशीर करते, पालकांचे फोन माझ्याच टेबलावर वाजतात. शेठ वाईट माणूस नाही, तुला माहीत आहे. तुझ्या वेळी स्मशानातून सगळ्यात शेवटी तेच निघाले. पण गेल्या आठवड्यात ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. म्हणाले, 'शुभाताई, नंदूच्या लॉगिनमधून सोडून टाका ना ती गाडी. त्याने धरली, त्याच्याच नावाने सुटेल. कुणाला तरी गावाला पाठवायचं असेल त्याला, दुसरं काय.' म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं तू त्यांना गंडवत होतास आणि ते गंडवून घेत होते. हे ऐकून तू खुर्चीतून पडला असतास.

तुझा पासवर्ड तर नाक्यावरच्या पानवाल्यालाही माहीत. गावाचं नाव आणि पुढे एक दोन तीन. मी टाकला. स्क्रीनवर आलं, नमस्कार नंदकुमार, आपले एक काम बाकी आहे. खाली दोन बटणं. ठेवा. सोडा. मी माऊस 'सोडा'वर नेला आणि मला ती गाडी भरलेली दिसायला लागली. दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, एकमेकांच्या वेण्या ओढणाऱ्या पोरी. पवईचा उतार, खाली सिग्नलला उभ्या गाड्या. काही झालं तर नंतर येऊन बघणाऱ्याला काय दिसेल? नंदकुमारने गाडी सोडली. कधी, तर नंदकुमार नव्हता तेव्हा. मी मशीन तसंच बंद केलं आणि शेठना सांगितलं, नेटवर्क गेलंय. बघ, तुझ्या हाताखाली राहून मी पण शिकले.

मग दळवीला बाजूला घेतलं. सत्तेचाळीस त्याची गाडी. त्याला विचारलं, खरं सांग, तू रजा मागितली होतीस?

'मागितलेली मॅडम. पुतणीचा साखरपुडा होता रविवारी. साहेब म्हणाले, बघतो.'

'मग गेलास?'

'कुठचा जातोय. शनिवारी रात्रीची गावची गाडी नाही मिळाली. आणि रविवारी साहेबच असे झाले.'

'तुझी रजा झाली असं म्हणाले का ते?'

'तसं काय बोलले नाहीत. शुक्रवारी फक्त म्हणाले, उद्या गाडी काढू नको.'

'आणि ब्रेक?'

तो खाली बघत होता. 'लागतात ना.'

'लागतात म्हणजे नीट लागतात?'

'मॅडम, खराब सांगितलं तर गाडी जाणार, मी बसून राहणार. चांगले सांगितलं आणि काय झालं तर स्टिअरिंगवर मीच असणार. तुम्ही काय ते बघा.'

मला त्याचा राग आला, आणि त्याच्यापेक्षा तुझा. एक ओळ लिहायला तुझं काय जात होतं? दळवी, साखरपुडा, एवढं माझ्या कानात सांगितलं असतंस तरी पुरलं असतं. तू शनिवारी भेंडी खात बसलास.

बोरिवलीला वहिनींकडे गेले होते. त्यांना गाडीचं काही बोलायचं नाही असं ठरवून गेले, तर त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, 'त्या आठवड्यात जेवणावर मन नव्हतं गं त्यांचं. ताट पुढ्यात घेऊन बसायचे. विचारलं तर म्हणायचे, ऑफिसचं आहे.' मी मान हलवली. बाहेर पडून रिक्षात बसले आणि तेच डोक्यात फिरायला लागलं. ऑफिसचं म्हणजे ही गाडी? की छातीत कळ होती आणि ती तू ऑफिसच्या नावावर लिहून टाकलीस? तुझं काय सांगावं. तू तर दुखण्यालाही ट्रायल म्हणाला असतास.

परवाच्या सुट्टीच्या दिवशी मेकॅनिक रहीमभाईंना बोलावलं. त्यांनी चारी बाजूंची चाकं उतरवली, आत हात घालून बघितलं. म्हणाले, 'बेहेन, लायनर अच्छा है, ड्रम अच्छा है. नंदूभाई ने क्यों रोकी, वो ही जाने. लेकिन ठंडी गाडी का क्या भरोसा, गरम करके देखो.' म्हणून मग चाकं चढवून गाडी काढली. दळवी म्हणाला, मी एकटा जाऊन येतो. मी म्हटलं, नाही, मी पण येते. का म्हटलं ते मला अजून समजलेलं नाही, कारण त्या क्षणापासून माझी टरकली होती.

रिकाम्या बसचा आवाज तू कधी मागे बसून ऐकला होतास का? सगळं खडखडतं. खिडक्या, दप्तरांचे हूक, माझे दात. मी मधल्या सीटवर बसले, गुडघे अवघडून. भांडुप गेलं, कांजूर गेलं, गांधीनगरवरून वर पवईचा चढ. प्रत्येक सिग्नलला दळवी ब्रेक दाबायचा आणि मी समोरची दांडी घट्ट धरायचे. तो आरशातून म्हणाला, 'मॅडम, श्वास घेत जा.' वळून परत उताराला लागलो तेव्हा मी डोळे मिटून घेतले. देवाचं नाव घ्यायला गेले तर तोंडात तुझं नाव आलं, ते पण शिवीसकट. गाडी थांबायची तिथे थांबली. दरवेळी थांबली. त्याच रस्त्याने आणखी दोन फेऱ्या मारल्या, तरी थांबली.

यार्डात आल्यावर मी तुझं ते केलं. तू फेरीवरून आलेल्या गाडीच्या चाकाजवळ तळवा धरायचास ना, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. मी चारी चाकांपाशी जाऊन धरला. मागचं डावं जास्त गरम लागलं. परत सगळ्यांपाशी फिरले. जास्तच लागलं. रहीमभाईंनी हात धरला, म्हणाले, सब एक जैसा है. दळवी म्हणाला, 'त्या बाजूला ऊन होतं मॅडम.' ऊन होतंच. मी तिसऱ्यांदा गेले तोवर चाक निवलं होतं. आता तो चटका खरा होता की माझ्या मनाचा, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तुला कळलं असतं का? की तूही असाच कुठल्या तरी शुक्रवारी तळवा धरून उभा राहिलास, तुलाही नक्की कळलं नाही, आणि म्हणून कुणाला काही बोलला नाहीस? हे डोक्यात आलं आणि मला तुझी कीव आली. तुझी कीव मला पहिल्यांदाच आली रे. मी समजत होते तुला सगळं कळतं, नुसतं सांगायचा कंटाळा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला, एक लॉगिन बंद करायचंय. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, मॅम, कारण सिलेक्ट करा. राजीनामा, बदली, कामावरून कमी केले, इतर. मी म्हटलं, ह्यातलं काहीच नाही. ती म्हणाली, मग इतर करा ना मॅम. मी इतर केलं. यादीतून तुझं नाव गेलं आणि पहिलं माझं आलं. मी उठून कूलरपाशी गेले, तर वर तुझा फोटो. पाणी न पिताच परत आले. तुझ्याकडे असलेली गाडी आपोआप पुढच्या नावावर येते, हे त्या मुलीने सांगितलंच होतं. सत्तेचाळीस. होल्ड. शुभांगी.

शेठ आले. म्हणाले, 'आता तर तुमच्याच हातात आहे. सोडा.'

मी म्हटलं, 'नाही सोडत.'

'रहीम म्हणतो चांगली आहे. दळवी म्हणतो चांगली आहे. तुम्ही स्वतः फिरून आलात. मग कारण काय?'

'मला भीती वाटते.'

'शुभाताई, भीती हे काय कारण झालं?'

नोकरी गेली तर आईच्या औषधांचं काय, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही, खोटं कशाला बोलू. पण तोंडातून निघून गेलं, 'मग मी ती तुमच्या नावावर करून देते. तुम्ही सोडा.'

'द्या करून,' शेठ म्हणाले, आणि तुझ्या खुर्चीत बसले.

मी गाडी त्यांच्या नावावर केली. त्यांनी स्वतःचं लॉगिन उघडलं, चष्मा लावला, माऊसवर हात ठेवला. दळवी दारात उभा होता. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. शेठ स्क्रीनकडे बघत राहिले. दुसऱ्याच्या नावावर, त्यातही गेलेल्याच्या, गाडी सोडायला आम्ही सगळे तयार होतो नंदू. आता बटण दोन बोटांवर होतं आणि शेठचं बोट काही हलेना. शेवटी त्यांनी हात काढून घेतला आणि तोंडावरून फिरवला. म्हणाले, 'गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपला पाठवा. सगळं उघडून बघू दे त्यांना.' उठताना गाडी परत माझ्या नावावर करायला मात्र विसरले नाहीत.

गाडी काल ठाण्याला गेली. रिपोर्ट एक-दोन दिवसांत येईल म्हणतात. मी फोन वाजला की दचकते. मला दोन्हीकडून भीती आहे, तुला सांगायला काय लाज. ब्रेक निघाला, तर तू धरायच्या आधी किती दिवस पोरं त्याच गाडीतून तो उतार उतरत होती, हा विचार माझी पाठ सोडणार नाही, आणि तुझी तरी त्या आठवड्यात कुठे सोडत होता म्हणा. काहीच निघालं नाही, तर दळवीचा साखरपुडा होता, तू जाता जाता एका माणसाचं भलं करायला गेलास, आणि गाडी मला सोडावी लागेल. सकाळी, माझ्या नावाने, पोरांनी भरलेली. गेटमधून ती बाहेर वळेल, आणि मग शाळेत पोचल्याचा दळवीचा फोन येईल. तो येईपर्यंत मी काय करू, एवढं तरी सांगून जायचं होतंस.